टांगलेला ठोकळा आणि चैतूचं नाव

“ह्या लोकायचं बी आमच्यासारखंच हाय, भाऊ. धाग्याले लटकवते, अन् वाट पाह्यते.”

मी आतल्या बाजूला दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. बाहेर ओसरीवर सोमारी आमच्या जीपचे ड्रायव्हर मधुकरभाऊ यांना हे सांगत होती. मधुकरभाऊ हसले.

“तुमचा धागा बजारात भेटते, सोमारी. ह्या धाग्यासाठी आमचे सर दिल्लीले चकरा मारून मारून टकले झाले.”

“मंग हा जास्त खरं सांगत असन,” सोमारी म्हणाली, आणि रांजणात पाणी ओतू लागली.

मी तेव्हा या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही...

इथे लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी बरेच महिने गुपचूप वाचते आहे. लिहिते आज पहिल्यांदा. आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि पुढचं सगळं घडल्यावरही तो बसलेला नाही. चंद्रपूरला आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. घरी नमाज-रोजा सगळं व्यवस्थित, पण ताविज आणि झाडफूक यांना अब्बांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. शाळा कॉन्व्हेंटची, पुढे नागपूरला फिजिक्स. मराठीतून लिहायची सवय नंतर लागली, तेव्हा चुका पोटात घाला.

गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची. एम.एस्सी. झाल्यावर मी नागपूरच्या आमच्या सरांच्या एका प्रयोगात मदतनीस म्हणून लागले होते. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्लीला जायचं आणि तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं आणखी आत. एका लहान गावाच्या कडेला लाकूड डेपोचं जुनं दगडी गोदाम होतं, ते आम्हाला वापरायला मिळालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ती जागा निवडायचं कारण एकच — आसपास रेल्वे नाही, ट्रक नाहीत, विजेची तार नाही. आम्हाला शांतता हवी होती. कानाला ऐकू येते ती नव्हे, जमिनीची.

प्रयोग काय होता ते सोपं करून सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दूर अवकाशात दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या लहरी निघतात, असं गणित सांगतं. त्या पकडायला अवकाशात एकमेकांपासून लाखो किलोमीटरवर यानं ठेवायची, प्रत्येकात धातूचा एक ठोकळा मोकळा तरंगत ठेवायचा, आणि लहर आली की ठोकळ्यांमधलं अंतर किती बदलतं ते मोजायचं, अशी योजना परदेशात चालली होती. अंतर बदलणार अणूपेक्षाही कमी. अडचण अशी की अवकाशातून सतत सूक्ष्म कणांचा मारा होत असतो आणि त्यामुळे ठोकळ्यावर विजेचा भार साचतो. भार साचला की ठोकळा आजूबाजूच्या भिंतीकडे ओढला जातो. ही ओढ लहरीसारखीच दिसते, पण लहर नसते. तिला इलेक्ट्रोस्टॅटिक नॉइज म्हणतात. तो किती असतो, कशामुळे वाढतो, हे जमिनीवरच एका ठोकळ्यावर तपासून पाहणं हे आमचं काम.

म्हणजे लहर पकडायचं काम आमचं नव्हतंच. लहरीसारखं दिसणारं पण लहर नसलेलं ओळखून बाजूला काढायचं, एवढंच. या कामाला माझा स्वभाव बरा होता.

गोदामाच्या आतल्या खोलीत लोखंडी टाकीसारखं एक चेंबर होतं. त्यातली हवा काढून टाकलेली. आत केसाहून बारीक अशा टंगस्टनच्या तारेला सोन्याचा मुलामा दिलेला ठोकळा टांगलेला. ठोकळा किंचित जरी वळला तरी त्याच्यावरच्या आरशातून परतणारा लेझरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर सरकायचा. आतल्या खोलीत कोणी जायचं नाही, हा नियम. माणसाच्या वजनानं, अंगाच्या उष्णतेनंसुद्धा ठिपका हलतो. म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसून, भिंतीतल्या काचेतून, दुर्बिणीनं पट्टी वाचायची. ओसरीच्या बाजूला आतल्या खोलीची एक गजांची खिडकी होती, तिला पक्की काच बसवलेली. तिथून लाल ठिपका कोणालाही दिसायचा. पण तो किती सरकला, सरकला की नाही, हे दुर्बिणीशिवाय कळणं शक्य नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा गावाला संशय येऊ नये म्हणून सरांनी सगळ्यांना बोलावून ती खिडकी दाखवली होती. त्या भागात अनोळखी यंत्र घेऊन कोणी आलं की लोक धास्तावतात, आणि त्यांची धास्ती खोटी नसते. सर म्हणाले, आणि मधुकरभाऊंनी गावकऱ्यांच्या भाषेत सांगितलं, “खूप दूरचं, खूप हलकं काही आलं की हा टांगलेला ठोकळा वळतो.” मला त्यात काही गैर वाटलं नाही. सरांनाही नाही. लोकांनी मान डोलावली आणि गेले.

पण त्यांच्याकडे टांगलेल्या वस्तूला विचारायची रीत होती, हे आम्हाला कुठे माहीत होतं... गावातला कोणी परमुलखात गेला आणि परतला नाही, तर छपराच्या वाशाला धाग्यानं पितळी कडं टांगायचं. त्याचं नाव घ्यायचं. जिवंत असेल तर कडं वळतं. नसेल तर स्थिर राहतं. मग गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करायचा. दगड उभा झाला की तो माणूस मेला. पुढे परत आला तरी त्याला घर नाही.

सोमारी आमचं पाणी भरायची, भात शिजवायची. तिशीच्या आतली असेल. तिचा नवरा चैतू मिरची तोडायला गोदावरीपलीकडे गेला होता. टोळीतले बाकीचे परतले, तो नाही. मुकादम म्हणाला, एका रात्री निघून गेला, कुठे ते माहीत नाही. त्याला दोन थंड्या उलटल्या होत्या. घरच्यांनी कडं टांगून पाहिलं होतं — ते स्थिर राहिलं. दगड नदीतून आणून शिवेवर आडवा टाकून ठेवला होता. तो उभा केला की सोमारीनं धाकट्या दिराच्या, मंगरूच्या घरात बसायचं, म्हणजे त्याची बायको होऊन राहायचं. तशी रीत. तिला ते नको होतं. मंगरू वाईट माणूस आहे असं ती कधी म्हणाली नाही. “मले त्याच्या घरी नाई जाचं,” एवढंच म्हणायची.

हे सगळं मला मधुकरभाऊंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते मूळचे वडसाचे, त्यांच्या बोलण्यात एका वाक्याला दोन हातवारे. मी स्वतःहून कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा घडलं ते भर दुपारी. ठिपका पट्टीवर जवळजवळ स्थिर होता. ओसरीत सोमारी खिडकीचे गज धरून उभी राहिली, आणि तिच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी बोलली. ठिपका डावीकडे सरकला. झोका घेतला नाही — सरकून थांबला. भार साचताना ठिपका सरकतो तो तासन्‌तास, हा श्वास घ्यायला वेळ लागतो तेवढ्यात सरकला. ती कळशी घेऊन विहिरीकडे गेली, तेव्हा परत आला.

मी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मधुकरभाऊंना विचारलं, ती खिडकीशी काय बोलते.

“नवऱ्याचं नाव घेते, बाई. चैतू, कुठी हायेस म्हन्ते.” मग माझ्याकडे पाहून, “काऊन? मशीन बिघडते का?”

“नाही,” मी म्हटलं.

मी जे शिकले होते त्याप्रमाणे वागले. थंडीची कोरडी हवा, सोमारीचं नायलॉनचं लुगडं — अंगावर विजेचा भार असणारच. रात्री स्वेटर काढताना तडतड होते तोच. तिला मी माझी सुती ओढणी आणि जुना सुती सलवार-कमीज दिला. ती हसून लाल झाली, पण घातला. नाव घेतलं. ठिपका सरकला. मग मी तिचं लुगडं नेसून तिथेच, तसेच गज धरून उभी राहिले आणि मधुकरभाऊंना दुर्बिणीत पाहायला सांगितलं.

“काई नाई, बाई. पण लुगडं तुमाले शोभते.”

मधुकरभाऊ उभे राहिले, काही नाही. सोमारीला मी तिच्या वारलेल्या वडिलांचं नाव घ्यायला सांगितलं. ठिपका जागचा हलला नाही. तिनं गाणं म्हटलं, मोठ्यानं बोलली, पाय आपटले. जमिनीचा धक्का म्हणून ठिपका थरथरला आणि जागेवर आला. चैतूचं नाव घेतलं की मात्र डावीकडे.

सर नागपूरहून आले तेव्हा मी त्यांना आलेख दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिले.

“नायलॉन,” ते म्हणाले.

मी सुती कपड्यांचे आलेख पुढे सरकवले.

“मग अर्थिंग. चेंबरला अर्थिंग नीट नाही. बाहेरचा भार आत पोचतो आहे.”

हे शक्य होतं. धातूचं चेंबर जमिनीला नीट जोडलेलं असेल तर बाहेरचा विजेचा भार आतल्या ठोकळ्यापर्यंत पोचू शकत नाही, हे शाळेत शिकवतात. आम्ही गोदामामागे खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं. एकूण नॉइज खरोखर कमी झाला. सर खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमारी पाणी घेऊन आली, खिडकीशी थांबली... मी पट्टी वाचली आणि तोच जुना आकडा सरांपुढे ठेवला. चहा थंड झाला तरी ते प्यायले नाहीत.

संध्याकाळी म्हणाले, “रेहाना, कारण कळेपर्यंत आपण याला नॉइज म्हणू. ती शिवी नाही. पण गावात हे कोणाला सांगायचं नाही. उद्या दहा गावचे लोक हरवलेली माणसं विचारायला येतील. त्यांना आपण काय उत्तर देणार?”

त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण गावाला कळायचं ते कळलं. मी कपडे अदलाबदल करून कोणता खेळ करते आहे, हे ओसरीवरून जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं होतं. सोमारीनं घरी सांगितलं — आमचं कडं वाऱ्यानं थांबते, वाऱ्यानं फिरते, तिथं वाराच नाई, डब्यातून हवा काढून टाकली हाय. गोदामातल्याले विचारा, मंग दगड उभा करा. घरात भांडण झालं. शेवटी गायता, म्हणजे गावचा पुजारी आणि प्रमुखही, म्हणाला की एकदा विचारून टाकू. दगड उभा करायचा दिवस ठरलेलाच होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. गायता, मंगरू आणि आणखी काही पुरुष.

सर ओसरीवर त्यांना समजावत होते. हे यंत्र माणसं शोधायचं नाही, यानं काही ठरवू नका.

गायत्यानं ऐकून घेतलं. म्हातारा, अंगावर एक जुना कोट. “तुमी पयल्या दिवशी काय बोल्ले, साहेब? दूरचं काई आलं तं वळते म्हनून बोल्ले.”

“ते वेगळं दूरचं. आकाशातलं.”

“गोदावरी बी दूरच हाय.”

सर माझ्याकडे वळून इंग्रजीत हळूच म्हणाले, “पाहू दे त्यांना, त्यांच्या डोळ्यांना काही दिसणार नाही आणि विषय संपेल. तू काही बोलू नकोस. हे यंत्र त्यासाठी नाही, एवढंच मी सांगेन.” मी मान हलवली. न बोलणं मला कधीच जड गेलं नाही.

गायत्यानं दोन अटी घातल्या. सोमारीनं विचारायचं नाही, तिला हवं तेच उत्तर ती मागणार. रक्ताच्या माणसानं विचारायचं. आणि तिनं इथे थांबायचंही नाही. सोमारी उठली आणि विहिरीपलीकडच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. तिथून तिला गोदामाची फक्त मागची भिंत दिसत असेल.

मंगरू खिडकीशी आला. बारीक, तरुण, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गज धरण्याआधी त्यानं हात लुंगीला पुसले. त्याच्या मागून मधुकरभाऊ नेहमीच्या सवयीनं काहीतरी बोलायला गेले आणि थांबले.

“दोन वर्सं वाट पाह्यलो,” मंगरू कोणाकडेही न पाहता म्हणाला. “त्याची जमीन मीच करून राह्यलो. बैल बी मीच पाह्यतो. माझा काई हट्ट नाई. तो नसन तं नाई म्हना, असन तं हाय म्हना. असं अर्धं अर्धं घर नाई चालत.”

मी दुर्बिणीच्या खोलीत जाऊन बसले. अर्थिंग तपासलं. बॅटरी ठीक होती. ठिपका पट्टीच्या मध्यावर, जागच्या जागी. दाराच्या चौकटीत सर माझ्याकडे पाठ करून उभे होते. बाहेर मंगरू त्यांच्या भाषेत बोलायला लागला. मला त्यातला एकच शब्द कळला, चैतू. ते नाव त्यानं एकदाच घेतलं. आवाज घोगरा होता. त्याला उत्तर नको असावं, किंवा फार हवं असावं — मला ओळखता आलं नाही.

ठिपका डावीकडे सरकला. सोमारीच्या वेळी सरकायचा तेवढाच, आणि तिथे थांबला.

मी डोळा काढला, पुसला, परत लावला. तिथेच.

बाहेरून मंगरूचा आवाज आला, “हाल्ला का? मले वाटते हाल्ला. का मलेच वाटून राह्यलं?” दुसरा कोणी म्हणाला, “कुठी हाल्ला, होता तिथीच हाय.” दोघा-तिघांनी काचेला नाक लावून पाहिलं असावं, कारण गज वाजले. सर म्हणाले, “हे पाहा, हे यंत्र त्यासाठी नाही...”

“ते राहू द्या साहेब,” गायता म्हणाला. “आत बाई हाय. तिले दिसते. तिले विचारा.”

सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मला दारात मंगरू दिसत होता, डोक्याचा टॉवेल आता हातात.

त्या वेळी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते प्रामाणिकपणे लिहिते. सोमारी समोर नव्हती, तेव्हा तिचं अंग, तिचे कपडे, तिचा भार — सगळं बाद. मंगरूच्या अंगावर सुती लुंगी. अर्थिंग नवं. जमिनीचा धक्का असता तर ठिपका थरथरून परतला असता. हवा आत नाहीच. पुढे नागपूरला आणि नंतर दुसऱ्या एका शहरात, माझ्याहून कितीतरी हुशार माणसांना मी हे आलेख नावगाव न सांगता दाखवले. कोणी तारेतला दोष म्हणालं, कोणी मुलाम्यावरचे डाग, कोणी योगायोग. प्रत्येक गोष्ट मी तपासली. अहवालात त्या दिवसांची रीडिंग वगळली गेली, आणि ते नियमाला धरूनच होतं. पावसाच्या आधी सामान गुंडाळून आम्ही निघालो, तोवर चैतूची काही खबर आली नव्हती. नंतर त्या गावाकडे माझं जाणं झालं नाही. मला आजही कारण माहीत नाही. एखादं साधं कारण असेलच, असं मला वाटतं. ते सापडलेलं नाही.

आणि त्या क्षणी मला हेही माहीत होतं की “हो” म्हटलं तर ती बाई कदाचित नसलेल्या माणसाची जन्मभर वाट पाहील, “नाही” म्हटलं तर उद्या दगड उभा राहील. गप्प राहिले तर गावाच्या डोळ्यांना ठिपका स्थिरच दिसला होता, म्हणजे तेही “नाही”च.

“रेहाना,” सर म्हणाले.

मी पुन्हा एकदा पट्टी वाचली. मग बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि तेवढा आवाज माझा मलाच अनोळखी होता, मी म्हटलं —

“हलला. डावीकडे. आणि अजून तिथंच आहे.”